विल्सनची दुसरी लाईन

असल्या भुताखेतांच्या गोष्टी मी वाचत नाही असं नाही. दुपारी वॉर्ड शांत असला की तुमच्या अंकातलं हे पान आम्हा नर्सेसमध्ये हातोहात फिरतं. पण वाचून झालं की हसून पान उलटणारी मी बाई. नगरला एका हॉस्पिटलात बरीच वर्षं नोकरी झाली. माझ्यासमोर माणसं गेलीत, त्यांचे डोळे मी मिटलेत आणि नंतर त्याच वॉर्डाच्या कोपऱ्यात बसून डबा खाल्लाय. कधी कोणी परत येऊन खांद्यावर हात ठेवला नाही. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं माझं मलाच विचित्र वाटतंय...

आधीच सांगते — यात अमावस्या नाही, झाड नाही, घाट नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात, घरातली सगळी जागी असताना घडलेली गोष्ट आहे. एक कॉम्प्युटर आणि एक टेलिफोनची तार, एवढंच सामान.

आमचं घर कोल्हारचं. नगर-मनमाड रोडवर, प्रवरेच्या काठाला. हायवे सोडून आत वळलं की बाजाराच्या मागे आमची गल्ली. पुढे ओटा, मग बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर. पप्पा शाळेत पी.टी.चे सर होते. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्या शिट्टीवर पळालेली. आई घरीच. मी थोरली आणि माझ्या पाठचा विल्सन.

विल्सन म्हणजे उंचापुरा, व्हॉलीबॉलला नेटवर उभा राहिला की समोरच्यांची तोंडं उतरायची. साखर कारखान्यात नोकरीला लागला होता. एका संध्याकाळी मोटरसायकलवर घरी येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना लाल दिवा, ना काही. जीव वाचला, पण कमरेखाली सगळं गेलं. मी स्वतः नर्स — पहिल्या आठवड्यातच त्याच्या तळपायावरून किल्ली ओढून बघितली आणि काय ते समजलं. डॉक्टरांनी मला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

हॉस्पिटलात शेजारच्या कॉटवर एक रिटायर्ड सुभेदार होते. त्यांनी वेळ जावा म्हणून विल्सनला बुद्धिबळ शिकवलं. घरी आल्यावर तेच त्याचं सगळं झालं. पुण्याच्या मामाने त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला, पप्पांनी नगरहून मॉडेम आणला, आणि आमचा विल्सन कोल्हारच्या बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून जगभरच्या लोकांशी बुद्धिबळ खेळायला लागला. नव्याण्णव सालची ही गोष्ट. नगरमध्येच लोकांना इंटरनेट म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, तर आमच्या गल्लीत काय असणार! मॉडेम जोडताना जो आवाज करायचा, त्यावर आई म्हणायची, "डुकराचं पिल्लू धरल्यागत वरडतंय मेलं."

अडचण एकच — लाईन. आमचा फोन म्हणजे अर्ध्या गल्लीचा फोन. कुणाचा मुलगा मुंबईहून, कुणाची सून माहेरहून, आणि डाव रंगात आला की नेमकी लाईन तुटणार. जरा वारं सुटलं तरी तुटणार. आणि लाईन तुटली की त्या खेळात तुम्ही हरलात. समोरच्याला वाटतं, हरायला लागला म्हणून पळाला.

एकदा मी सुट्टी काढून घरी आलेली असताना असंच झालं. परत जोडल्यावर समोरच्याने इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. विल्सनने मला वाचून दाखवलं.

"ताई, ऐक. मी पळपुटा आहे म्हणे. हरायला लागलो की पळतो."

हसत होता. पण दुसऱ्या हाताने कॉटची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पप्पा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. चपला घातल्या आणि दुसऱ्या कनेक्शनच्या अर्जाचं विचारायला तडक टेलिफोन ऑफिसला गेले.

पुष्कळ खेटे झाल्यावर एकदाचा लाईनमन आला. त्याचं नाव बबन, गावातलाच. खांबावरून आमच्या भिंतीपर्यंत नवी तार ओढली, खोलीत बॉक्स ठोकला, नवा फोन टेबलावर ठेवला. आईने चहा दिला.

"झाली का रे चालू?" पप्पांनी विचारलं.

"न्हाई गुर्जी, हितलं झालं. खांबावरचं आन् ऑफिसातलं जोडायचं ऱ्हायलंय. सायबाचा हुकूम आला की मीच येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी विल्सनने सहज नवा फोन उचलून कानाला लावला तर टोन होता. आम्हाला वाटलं, ऑफिसातून केलं असेल चालू. बबनला कोण विचारत बसतंय! नगरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला एक जण येऊन सगळं लावून गेला. एक छोटी डबी, तिला दोन्ही लाईनी जोडलेल्या, वरती खटका. पहिली लाईन तुटली की खटका फिरवायचा आणि दुसरीवरून लावायचं. स्क्रीनवर दोन चित्रं केली होती. एकाखाली लिहिलं 'घर', दुसऱ्याखाली 'जोड'. विल्सन लहान मुलासारखा खूश होता. "आता बघतो कोण मला पळपुटा म्हणतंय!"

पुढच्या रविवारी मी सुट्टीवर आले. जेवणं झाली होती. विल्सन कुणा परदेशी माणसाशी खेळत होता आणि जिंकत होता. मी त्याच्या पाठीला पावडर लावत होते. तेवढ्यात लाईन तुटली. त्याने झटक्यात खटका फिरवला, 'जोड'वर दाबलं.

मॉडेम ओरडलाच नाही. नुसतं 'टक्' झालं आणि जोडलं गेलं.

"बघितलंस? एकदम क्लीन लाईन!" विल्सन म्हणाला.

पण समोर तो परदेशी माणूस नव्हता. नवाच पट मांडलेला होता, सोंगट्या जागच्या जागी. खेळणाऱ्याचं नाव जिथे येतं ती जागा रिकामी. आणि खाली, जिथे एकमेकांशी बोलतात तिथे, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत एक शब्द उमटला —

'पळालास?'

विल्सनने टाईप केलं, 'नाही. लाईन तुटली.'

'पळता येत असतं तर पळाला असतास का?'

माझा हात त्याच्या पाठीवरच थांबला. "तू सांगितलंयस का कुणाला? पायाचं?"

"छे. कुणालाच नाही." पण त्याला राग आला नव्हता. उलट चेहऱ्यावर गंमत होती. ॲक्सिडेंट झाल्यापासून त्याच्या पायांवर कुणी चेष्टा केली नव्हती. सगळे जपून बोलायचे, आणि त्याचाच त्याला वीट आला होता. "कुणीतरी ओळखीचा आहे. फॅक्टरीतला असेल. घेतो बघ याला."

'जिंकलास तर काय देऊ?' समोरच्याने विचारलं.

'पाय दे,' विल्सनने लिहिलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

'कुठला?'

'उजवा.'

'एकदम नको. अंगठा देतो.'

डाव फार वेळ चालला नाही. मला बुद्धिबळातलं सोंगट्यांची नावं सोडून काही कळत नाही, पण समोरच्याने वजीर फुकट दिला एवढं मलाही समजलं. विल्सन जिंकला. स्क्रीन आपोआप बंद झाल्यासारखी काळी झाली आणि परत जागेवर आली. तो माणूस गेला होता.

मी चादर नीट करायला वाकले. आणि विल्सनच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

आपोआप हलला असता तर मी काहीच म्हटलं नसतं. अशा पेशंटचे पाय झटके मारतात, त्याला काही अर्थ नसतो. पण हा हळूच वर गेला, खाली आला. परत वर गेला. मी विल्सनकडे बघितलं. तो अंगठ्याकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"ताई... मी करतोय."

मी त्याला डोळे मिटायला लावले. ब्लाउजची टाचणी काढून अंगठ्याला टोचली. "आत्ता," तो म्हणाला. शेजारच्या बोटाला टोचली — काही नाही. परत अंगठ्याला. "आत्ता. दुखतंय गं, हळू!" दुखतंय म्हणाला आणि रडायलाच लागला. आई आतून धावत आली.

नगरला आल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं. "स्पाझम, सिस्टर. तुम्हाला मी काय सांगायचं?" ते म्हणाले. मीही मान हलवली. पण पुढच्या सुट्टीला गेले तेव्हा घोटा फिरत होता. त्याच्या पुढच्या वेळी गुडघा.

घरी त्या माणसाचं नावच पडलं — बिननाव्या. तो फक्त 'जोड'वरून यायचा. 'घर'वरून कितीही वेळ बसलं तरी यायचा नाही. मग विल्सन पहिली लाईन वापरीचना. संकटात लागेल म्हणून घेतलेली दुसरी लाईन, आणि दिवसभर तीच चालू. दर डावाला बिननाव्या विचारायचा, काय देऊ, आणि विल्सन एक एक जागा मागायचा. पिंढरी. मांडी. दर वेळी विल्सनच जिंकायचा.

"तू एवढा भारी खेळतोस?" मी एकदा विचारलं.

"नाही गं. तो मुद्दाम हरतो."

"का?"

"मला काय माहीत? चांगला माणूस असेल."

आई म्हणायची, "देवाचा मानूस हाय त्यो. आपल्याला नाव कशाला पायजे त्याचं?" तिने कॉम्प्युटरवर टाकायला क्रोशाचा रुमाल विणला. पप्पा जास्त बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कुठून तरी बांबू आणले आणि खोलीत आडवे बांधून दिले, धरून उभं राहायला. सकाळ-दुपार त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. थकल्यावर विल्सन शिव्या घालायचा आणि पप्पा हसायचे. मी किती तरी दिवसांनी पप्पांना हसताना बघत होते.

नगरच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, परत तपासलं. "मला समजत नाही," एवढंच म्हणाले. "व्यायाम चालू ठेवा."

खरं सांगू? मीही त्या सुखात सामील होते. पण आतून कुठेतरी टोचत होतं. एका दुपारी विल्सन झोपला होता. 'जोड' चालूच होतं. मी कीबोर्डवर एका बोटाने टाईप केलं, 'तुम्ही कोण?'

उत्तर लगेच आलं, जणू कुणी वाटच बघत होतं.

'सिस्टर, तुम्ही टाचण्या टोचत राहा.'

मी खुर्चीवरून उठले ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ उभी राहिले. ती कणीक मळत होती. तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? ज्याच्यामुळे तिचा मुलगा उभा राहत होता, त्याच्याबद्दल?

विल्सन उभा राहिला तो दिवस मी बघितला नाही, मी ड्यूटीवर होते. पप्पांनी वॉर्डातल्या फोनवर कळवलं. नुसते "उभा राहिला गं... उभा राहिला" म्हणत होते. मी वॉर्डात सगळ्यांना पेढे वाटले.

त्यानंतर बिननाव्याने पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं. विल्सननेच मला सांगितलं.

"तो म्हणतो, बंद खोलीत काय चालतोस? लोकांसमोर चाल."

"आणि मग?"

"मग काही नाही. म्हणाला, मला बघायचंय."

"कसं बघणार तो?"

विल्सनने खांदे उडवले. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो तेव्हा बांबू न धरता ओट्यापर्यंत जात होता आणि हवेत होता.

रविवार ठरला. आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं. चर्चमधून लोक परस्पर आमच्याकडेच आले. ओट्यासमोर दोन्ही बाजूंनी माणसं उभी, बाया छपरीत. पप्पांनी त्यांचे पी.टी.चे पांढरे बूट घातले होते आणि गळ्यात शिट्टी अडकवली होती. विल्सनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खोलीत कॉम्प्युटर चालू होता. बिननाव्याने चालू ठेवायला सांगितलं होतं.

विल्सन कॉटवरून उठला. बांबू धरला नाही, माझा हात धरला नाही. उंबरा ओलांडला, ओट्याची पायरी उतरला. उन्हात आला. अजून कुणी टाळी वाजवली नव्हती, शेजारच्या घरातल्या रेडिओवरचं गाणं ऐकू येत होतं. पप्पा त्याच्यासमोर उलटे उलटे चालत होते, हात पसरून, बाळाला चालवताना आपण जातो तसे. विल्सन गल्लीच्या मधोमध थांबला. सगळीकडे बघितलं. हसला.

आणि म्हणाला, "पप्पा, शिट्टी मारा."

पप्पांनी शिट्टी मारली आणि विल्सन पळाला.

खोटं वाटेल, पण पळाला तो! पूर्वी पळायचा तसा, छाती पुढे काढून, हाताच्या मुठी वळून. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाया रडायला लागल्या. आई हात जोडून खालीच बसली. तो गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबापर्यंत गेला, वळला आणि पप्पांच्या दिशेने परत पळत यायला लागला. त्याचं तोंड मला समोरून दिसत होतं. माझ्या भावाचा असा चेहरा मी त्याआधी बघितला नव्हता, आणि नंतरही नाही.

पप्पांपासून अगदी हाताच्या अंतरावर तो पडला.

अडखळला नाही. पाय घसरला नाही. चालता पंखा बटण दाबून बंद करावा तसा... सगळंच्या सगळं एकदम. हात पुढे घेतले नाहीत की तोंड वाचवलं नाही. सरळ तोंडावर. पप्पा तसेच हात पसरून उभे होते.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. नाकातोंडातून रक्त येत होतं, डोळे उघडे. "ताई, हात कुठायत माझे?" त्याने विचारलं. हात त्याच्या छातीखाली दबलेले होते. मी एक हात सोडवून माझ्या हातात घेतला, दाबला. "धरलास का?" तो म्हणाला. "धर ना."

मी धरलेलाच होता.

मान हलवायची नाही एवढं मी लोकांना ओरडून सांगितलं आणि त्याला उचलायला फळी हवी म्हणून घरात धावले. टेबलाचीच फळी काढायची होती म्हणून त्याच्यावरचा कीबोर्ड, माऊस खाली टाकले. तेव्हा स्क्रीनकडे नजर गेली. पट नव्हता. बोलायच्या जागी नवी ओळ होती.

'पडलेल्याला पाडता येत नाही. म्हणून उभा केला.'

मी ती वाचली. परत वाचली. बाहेरून आईचा आवाज येत होता, "विल्सन, उठ की रं... उठ की रं बाळा, असं काय करतूस..." आणि माझ्या डोळ्यांदेखत ती ओळ एकेक अक्षराने पुसत गेली. जणू लिहिणाऱ्याने लिहून, मी वाचलं का ते बघून, सावकाश परत घेतली.

पुढचं थोडक्यात सांगते. नगरला नेलं. मानेखाली काहीही राहिलं नव्हतं. पाय गेले ते गेलेच, हातही गेले. जुने आणि नवे एक्स-रे लावून डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, मान मोडलेलीच नाही," ते म्हणाले. "तोंडाला लागलंय तेवढंच. हात जायला काही कारण दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर पाठीचं हाड पहिल्यासारखंच आहे. या पाठीवर हा मुलगा उभा राहायलाच नको होता."

"अख्ख्या गल्लीने बघितलंय, सर. पळाला तो."

"त्याचे पाय हलताना मीही बघितलेत ना," ते म्हणाले आणि एक्स-रे पाकिटात घातले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

स्क्रीनवर काय लिहिलं होतं ते मी घरात कुणालाही सांगितलं नाही. अजूनही नाही. तुमचे अंक आमच्या घरी येत नाहीत म्हणून लिहितेय.

विल्सनला घरी आणलं. पप्पांनी बांबू सोडून मागच्या अंगणात टाकले आणि ते दिवस दिवस ओट्यावर बसायला लागले. मी रजा वाढवली. एका दुपारी मी विल्सनला चमच्याने पेज भरवत होते आणि बाहेर सायकलची घंटी वाजली. बबन लाईनमन. खांद्याला पिशवी, कमरेला पक्कड.

"ताई, लई दिस लावले आमी, राग धरू नगा. ऑफिसात जागा नव्हती. आज हुकूम आला. देतो जोडून तुमची दुसरी लाईन."

मला वाटलं त्याची काहीतरी गफलत होतेय. "ती तर कधीपासून चालू आहे, बबनभाऊ. नंतर येऊन कुणीतरी जोडून गेलं."

"कुनी?" तो आत आला, नवा फोन उचलून कानाला लावला. "ह्यो तर मेलेला हाय." मग मला म्हणाला, "या बाहीर."

खांबाजवळ नेऊन त्याने वर बोट दाखवलं. आमच्या भिंतीवरून निघालेली तार खांबापर्यंत गेली होती आणि तिथे, जोडणीच्या डब्याच्या खाली, तिची गुंडाळी करून सुतळीने बांधलेली होती. दोन्ही टोकं मोकळी. गुंडाळीत चिमणीने काड्या आणून घातल्या होत्या.

"त्या दिशी मी बांधून ठिवली तशीच हाय बघा. हात न्हाई लावलेला कुनी. डब्यात तुमच्या तारंला जागाच नव्हती, कुठून चालू हुईल?"

मी त्याच्याशी भांडले. वेड्यासारखी भांडले. टोन होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलाय. महिनोन्‌महिने त्यावरून खेळलाय तो. बबन माझ्याकडे बघत राहिला. त्याने विल्सनचं ऐकलेलं होतंच, गावात कुणी ऐकलं नव्हतं? तो हळूच म्हणाला, "ताई, तार कुटंच गेलेली न्हाई. मग त्यो पोरगा बोलत कुनाशी हुता?"

"काढून टाका," मी म्हणाले. "भिंतीवरची, खांबावरची, सगळी तार काढा. फोन घेऊन जा."

"काढू नको."

आतून विल्सनचा आवाज आला. कॉट दाराशीच होती, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मी आत गेले. आई त्याच्या उशाशी उभी होती आणि तिचा चेहरा... मला वाटलं होतं हे ऐकून ती घाबरेल. ती घाबरली नव्हती. तिचे डोळे चमकत होते.

"ऐकलंस का गं?" ती मला म्हणाली. "तार नव्हती. तार नसताना बोलत हुता त्यो. मी म्हनत न्हवते, देवाचा मानूस हाय म्हनून? मानसाला तार लागती. त्याला कशाला लागंल?"

"आई, अगं बघ ना काय केलं त्याने याचं!"

"परीक्षा असती बाळा. एकदा उभा केला, परत करंल." आणि बबनला म्हणाली, "जोडू बी नको आन् काढू बी नको. हाय तशी ऱ्हाऊ दे."

बबन सायकल घेऊन गेला. तो परत आमच्या घरी आलेला नाही. रस्त्यात दिसला तरी दुसरीकडे बघतो.

मी खूप डोकं लढवलंय. मॉडेमवाल्याला विचारलं, तो म्हणाला तारेशिवाय अशक्य. फॅक्टरीतल्या मित्रांना विचारलं, कुणी चेष्टा केली का. ते बिचारे रडायला लागले. आमच्या चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली आणि कॉम्प्युटर घराबाहेर काढा म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, पण कॉम्प्युटर काढला नाही. न जोडलेल्या तारेवरून कोण आलं होतं, आमच्या विल्सनचीच निवड त्याने का केली, त्याला यातून काय मिळालं... मला ठाऊक नाही. डॉक्टरांना ठाऊक नाही. कुणाला या प्रकाराचा उलगडा झाला तर जरूर कळवा, पण खरं सांगते, होईल असं मला वाटत नाही.

आता हल्लीचं सांगते आणि थांबते. रोज दुपारी जेवणं झाली की आई हात धुऊन कॉम्प्युटरसमोर बसते. विल्सनने तिला शिकवलंय कुठलं बटण दाबायचं ते. ती पदराने काच पुसते, 'जोड'वर दाबते. थोड्या वेळाने मधोमध एक चौकोन येतो आणि त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं की टोन नाही. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती मागे वळून कॉटकडे बघते.

गेल्या रविवारी मी दारात उभी होते.

"काय म्हनतोय रे?" तिने विचारलं.

विल्सनने मान न वळवता नुसते डोळे वळवून स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"थांब म्हणतोय, आई."

"थांबते की," ती म्हणाली, आणि स्टूल आणखी थोडं पुढे ओढून घेतलं.